सोळा घोडे आणि माझी हजामत

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे, आणि एकदा माझी हजामत झालेली आहे. ब्रशाची हजामत कोण करतं, असं तुमच्या मनात आलं असेल. खुशाल हसा, आता मीही हसतो. पण ज्या दिवशी ती उघडकीला आली त्या दिवशी आमच्या खोलीत कुणीच हसत नव्हतं. ती हकीकत सांगायची तर जरा मागून सुरुवात करायला हवी.

माझे केस बैलाच्या कानातले आहेत. खोटं वाटत असेल तर एखाद्या जुन्या पेंटरला विचारा. कानाशी जन्माचं नातं असल्यामुळे की काय, मला नको तेवढं ऐकू येतं. बाकीचे ब्रश डब्यात पडल्या पडल्या झोपतात, मी मात्र लोकांची बोलणी ऐकत बसतो.

ब्रशांच्या कारखान्यात एका लांब टेबलाशी जाड चष्म्याची एक बाई बसायची. तिनं मला घडवलं. केस विंचरून, धुऊन, चिमटीत मावतील तेवढे घेऊन ती ते एका निमुळत्या पेल्यात टोकं खाली करून सोडायची आणि पेला टेबलावर टकटक आपटायची. आपटता आपटता सगळे केस आपापल्या जागी बसत आणि मधोमध सुईसारखं टोक तयार होई. मग दोरा बांधायचा, बुडाला सरस लावायचा, पत्र्याच्या नळीत घट्ट बसवायचं आणि मागून लाकडी दांडी ठोकायची. तिच्या शेजारी नवीनच लागलेली एक मुलगी होती. एकदा तिनं एका ब्रशाची टोकं कात्रीनं सारखी करायला घेतली, तेव्हा बाईंनी तिचा हात धरला.

"टोक जन्माचं असतं गं," त्या म्हणाल्या. "कापायचं असेल तर बुडाकडून काप. टोकाला कात्री लागली की ब्रश संपला."

हे मी तेव्हाच ऐकून ठेवलं होतं. पण माझ्या ऐकण्याचा उपयोग काय? मला सांगता थोडंच येतं?

कारखान्यातून मी गेलो मास्तरांकडे. मास्तर दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण त्यांचा जीव होता लाकडी घोड्यांवर. जत्रेच्या मैदानात गोल गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा तुम्ही पाहिला असेल. असे सोळा घोडे दरवर्षी सुट्ट्यांच्या आधी आमच्याकडे यायचे. वर्षभर पोरांनी टाचा मारून त्यांचा रंग उडवलेला असे, एखाद्याचा कान गेलेला असे. मास्तर त्यांना नवे करून पाठवायचे. त्यांचा एक नियम होता. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, सोळाही घोड्यांचे एकाच दिवशी आणि एकाच हातानं. आज चार, उद्या चार केले तर नजरा वेगळ्या होतात, मग सगळी पोरं एकाच घोड्यासाठी भांडतात, असं ते म्हणत. डोळ्यांची पापणी, बाहुलीभोवतीचं बारीक वर्तुळ आणि शेवटी बाहुलीवरचा पांढरा उजेड, हे सगळं काम माझं. पाठ, पोट आणि खूर रंगवायला चपटे ब्रश होते. मी जरा तोऱ्यात असायचो हे कबूल करतो.

मास्तरांकडे शिकायला एक मुलगी यायची. पहिले सहा महिने त्यांनी तिला रंगाला हात लावू दिला नाही, नुसते ब्रश धुवायला लावले. आधी फडक्यानं पुसायचा. मग टर्पेंटाइनच्या मळक्या डब्यात खळबळायचा, मग स्वच्छ डब्यात. मग तळहातावर साबण घेऊन त्यात गोल गोल फिरवायचा, कोमट पाण्यानं, फेस पांढराशुभ्र येईपर्यंत. फेसाला जरासा जरी रंग दिसला तरी मास्तर म्हणत, "अजून पोटात आहे त्याच्या." शेवटी तेलाचं बोट लावून, टोक चिमटीनं जुळवून आडवा निजवायचा. ओला ब्रश उभा ठेवला की पाणी नळीत उतरतं, सरस सुटतो आणि दांडी फुगते. ती मुलगी कुरकुरली, की मास्तर तिला एकच ऐकवत, "रंगवायला हात लागतो, धुवायला माणूस लागतो." पुढे मास्तरांचे हात थरथरायला लागले. तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात दिलं आणि स्वतः खुर्चीत बसून तिनं काढलेले डोळे बघितले. एकही चूक काढली नाही. ते बघून तिलाच रडू आलं.

तीच आमची ताई. आता तिचे केस पांढरे झाले आहेत, तरी सगळी गल्ली तिला ताईच म्हणते, कारण तिचा भाऊ तिला ताई म्हणतो आणि त्याचा आवाज मोठा आहे. भावाचं केस कापायचं सलून आहे. पुढच्या खोलीत सलून, मागच्या खोलीत आमचा रंगकाम विभाग, मध्ये एक दार. तिकडची पावडर इकडे येते आणि इकडचं टर्पेंटाइन तिकडे जातं. भावाला मिशी आहे, तीही पिकलेली आहे, पण ताई त्याला अजून "धाकट्या" म्हणूनच हाक मारते. स्वभावानं तो सोन्यासारखा. फक्त एकच खोड, की विस्कटलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. टॉवेलचे दोरे, चटईची किनार, कुंडीतलं झाड, काहीही त्याच्या कात्रीतून सुटत नाही.

आता त्या वर्षाची गोष्ट. सोळा घोडे रंगून तयार होते. पांढरे, काळे, तांबडे, ठिपक्यांचे, नाकपुड्या फुललेल्या, आयाळी वाऱ्यावर उडणाऱ्या. फक्त डोळे राहिले होते. रविवारी पाळणा सुरू व्हायचा होता. शनिवार हा डोळ्यांचा दिवस ठरला होता.

सोमवारी सकाळी ताई माझ्याकडून एका घोड्याच्या लगामाची बारीक सोनेरी रेघ काढून घेत होती. तेवढ्यात फोन वाजला. तिच्या लेकीच्या बाळंतपणाला अजून तीन आठवडे होते, पण नातीला धीर नव्हता, ती आधीच येऊन थडकली होती. ताईनं मला हातातल्या हातात एकदा फिरवलं, समोरच्या टर्पेंटाइनच्या डब्यात उभं टाकलं आणि हनुवटीला सोनेरी रंग लागलेला तसाच ठेवून ती निघाली. जाता जाता सलूनच्या दारातून म्हणाली, "मागचं जरा बघ रे, धाकट्या."

मित्रांनो, जिनं मला तीस वर्षांत एकदाही उभं ठेवलं नव्हतं, तिनं त्या दिवशी ठेवलं. माझा तिच्यावर राग नाही. आजी होणाऱ्या बाईला ब्रश आठवावा अशी अपेक्षा ब्रशानंसुद्धा करू नये. पण डोकं खाली आणि सगळ्या दांडीचा भार टोकावर, अशी अवस्था झाली. पहिल्या दिवशी मान अवघडली. दुसऱ्या दिवशी वाकली. तिसऱ्या दिवशी डब्यातला गाळ माझ्या केसांत शिरला, आणि गुरुवारपर्यंत मी छत्रीच्या मुठीसारखा आकडा झालो. शेजारच्या फळीवर डिंकाचा डबा होता. त्यात एक म्हातारा ब्रश कायमचा रुतलेला असतो. कधीकाळी तोही डोळे काढायचा म्हणे. त्याच्याकडे बघवेना.

धाकट्यानं "मागचं बघणं" अगदी मनावर घेतलं होतं. त्यानं रंगाच्या डब्यांची झाकणं बसवली, फरशी पुसली, घोड्यांवरची धूळ मोरपिसानं काढावी इतक्या हळू काढली. गुरुवारी त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं मला बाहेर काढलं आणि त्याच्या तोंडून "अरे रे" असं निघालं. त्याच्या दुकानात कुणी विस्कटलेलं आलं आणि तसंच परत गेलं असं कधी झालं नव्हतं. त्यानं मला आरशासमोर नेलं, शाम्पूनं धुतलं, बारीक कंगव्यानं विंचरलं आणि मिशीची कात्री काढली.

मी ओरडलो असतो, पण ब्रशाला आवाज कुठला? तीन वेळा कच्‌ झालं. माझं जन्माचं टोक फरशीवर पडलं आणि गिऱ्हाइकांच्या केसांबरोबर केरसुणीखाली गेलंसुद्धा. खुर्चीत एक निवृत्त पोस्टमास्तर दाढीला बसले होते. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि काम झकास झालंय असा निर्वाळा दिला. धाकट्यानं खुशीत मला कंगव्यांच्या ग्लासात ठेवलं.

आता एक गोष्ट नीट ऐका. मी वाकलो होतो, मेलो नव्हतो. कोमट पाणी, साबण, थोडं तेल आणि रात्रभर कागदाची गुंडाळी एवढं मिळालं असतं, तर सकाळी मी सरळ उठलो असतो. धाकट्याला हे ठाऊक नव्हतं. आणि फोन करून विचारावं, हे काही त्याला सुचलं नाही.

शुक्रवारी ताई परतली. आधी सलूनमध्येच थांबली, मोबाइलवर नातीचे फोटो सगळ्यांना दाखवले. नात कुणासारखी आहे यावर चार गिऱ्हाइकांत पाच मतं पडली. सगळीकडे आनंदीआनंद होता. मग ती मागच्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळानं दारात येऊन उभी राहिली. तिची नजर कंगव्यांच्या ग्लासावर होती.

"जरा टोकं वाढली होती ताई," धाकट्या हसत म्हणाला. "सारखी केली."

ताईनं मला उचललं. अंगठ्यानं माझी टोकं चाचपली, एकदा, मग परत एकदा.

"सोळा घोडे आंधळे केलेस तू," ती म्हणाली आणि मधलं दार लावून घेतलं.

तिनं फळीच्या एका तुकड्यावर काळ्या रंगात माझी एक रेघ काढून पाहिली. पापणीची रेघ केसाएवढी हवी, माझी आली बोटाएवढी. जणू घोड्याला कुणीतरी घाईघाईनं काजळ फासलं होतं. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. तिनं मला धुतलं, नेहमीसारखंच नीट धुतलं. पण आडवं निजवताना तिचा हात क्षणभर डिंकाच्या डब्याकडे गेला आणि परत आला. तो क्षण मी विसरलेलो नाही.

त्यानंतर बहीणभावांचं बोलणं बंद झालं. निरोप मात्र चालू होते. पोस्टमास्तर एका गालाला फेस तसाच ठेवून आत यायचे आणि म्हणायचे, तो विचारतोय, नवीन ब्रश आणू का. ताई म्हणायची, त्याला सांगा, दुकानं मलाही माहीत आहेत. पोस्टमास्तर जायचे, आणि दुसऱ्या गालाला फेस लागला की पुन्हा यायचे. आयुष्यभर पत्रं पोचवली त्या माणसानं, पण इतकी कडू डाक त्यांच्या वाट्याला आली नसेल.

शनिवार म्हणजे सलूनचा सगळ्यात गर्दीचा दिवस. त्या शनिवारी धाकट्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि पहिल्या बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. दुपारी परत आला तेव्हा त्याच्या हातात कागदी नळीत एक नवीन ब्रश होता. तीन दुकानदारांना विचारून, प्रत्येकाला "बैलाच्या कानातलाच हवा" असं बजावून त्यानं तो आणला होता. त्यानं तो ताईच्या टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यात रंगाच्या उलट्या डब्यावर बसून राहिला. कमरेला काळा कपडा तसाच होता, केस कापताना तो स्वतः बांधतो तो. सकाळी सवयीनं बांधला होता, घाईत काढायचा राहून गेला होता.

नवीन ब्रश गुणी होता, खोटं कशाला बोलू. पापण्या त्यानं अशा काढल्या की माझा जळफळाट झाला. पण बाहुलीवरच्या उजेडाशी येऊन गाडी अडली. तो ठिपका गोल आणि भरीव हवा, आणि एकाच टेकवण्यात उमटायला हवा. मी ते काम तीस वर्षं केलं होतं, माझं पोट आणि ताईचं मनगट यांचं गणित जमलेलं होतं. नव्याचं टोक फार तरतरीत. टेकवून उचललं की ठिपक्याला शेपूट फुटायचं, आणि घोडा असा दिसायचा की जणू त्याला नुकतंच कुणीतरी फसवलंय. ताईनं तो ठिपका फडक्यानं पुसला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. तीन वाजत आले. सोळापैकी एकाही घोड्याला दिसत नव्हतं, आणि सकाळी पाळणेवाले काका ट्रक घेऊन येणार होते.

धाकट्याला बघवेना. काहीतरी हाताला हवं म्हणून त्यानं मला उचललं.

"कसा धुतात हा, एवढं तरी शिकव," तो म्हणाला. कालपासून तो तिच्याशी थेट बोलला ते हे पहिलंच वाक्य.

ताईनं वळून न बघता सांगितलं, की कोरडा ब्रश धुऊन काय शिकणार, आधी रंगात बुडव. त्यानं मला पांढऱ्या रंगाच्या झाकणात बुडवलं. आणि वस्तऱ्याआधी फेस हातावर लावून बघायची त्याची जुनी सवय, त्या सवयीनं त्यानं मला गुडघ्यावरच्या काळ्या कपड्यावर टेकवलं. एक ठिपका उमटला. आपण कपडा खराब केला हे लक्षात येऊन तो गडबडला, आणि त्या गडबडीत शेजारी दुसरा उमटला.

ताईचं लक्ष गेलं. काळ्या कपड्यावर दोन पांढरे ठिपके होते, मोत्यासारखे गोल, दोन्ही अगदी एकसारखे.

"थांब," ती म्हणाली. "परत टेकव."

तिसरा ठिपकाही तसाच आला. मित्रांनो, मलाही तेव्हाच कळलं. माझं टोक गेलं होतं, पण टोक गेल्यामुळेच माझं तोंड सपाट गोल झालं होतं. आता रेघ मला जमणार नव्हती. ठिपका मात्र कुणालाही जमणार नाही असा जमत होता.

ताईनं मला त्याच्या हातातून घेतलं आणि पहिल्या घोड्यासमोर उभी राहिली. पापणी नव्या ब्रशानं काढली, उजेड मी दिला. घोड्यानं आमच्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मग दुसरा, मग तिसरा. धाकट्या दिवा धरून पुढे पुढे सरकत होता आणि डबे पुरवत होता. आठव्या घोड्यापाशी ताई थांबली. कंबर धरून जरा वाकली आणि घोड्याच्याच कानाशी बोलावं तसं हळू बोलली.

"डब्यात उभा मीच ठेवला होता रे. तू कापलास, पण वाकवला मी. कालपासून ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं."

धाकट्या म्हणाला, "मी फोन करायला हवा होता. एवढंसं विचारायला काय झालं होतं मला?"

 पुढच्या आठ घोड्यांचं काम आधीच्या आठांच्या निम्म्या वेळात झालं.

शेवटचा होता ठिपक्यांचा घोडा. त्याचा डावा डोळा ताईनं पुरा केला आणि उजव्याच्या वेळी मला धाकट्यापुढे धरलं. एकाच हाताचा नियम मास्तरांचा होता, आणि ताईनं तो कधी मोडलेला नव्हता. धाकट्या नको नको म्हणाला, माझा हात केसांवर चालणारा, डोळ्यांवर नाही, म्हणाला. शेवटी त्यानं श्वास रोखून मला टेकवलं. ठिपका नेहमीच्या जागेपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढा वर गेला. त्यामुळे तो घोडा आता हसणार, आता हसणार, असा दिसायला लागला. ताईनं फडकं उचललं, घोड्याकडे पाहिलं आणि फडकं परत ठेवलं.

रविवारी पाळणा सुरू झाला. पोस्टमास्तर मुद्दाम बघून आले आणि यावेळी दोन्ही गाल स्वच्छ असताना बातमी घेऊन आले. पंधरा घोडे रिकामे फिरत होते आणि सगळी पोरं एकाच घोड्यासाठी भांडत होती. मास्तर बरोबर सांगत होते. ताई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. माझी दांडी गुळगुळीत झाली आहे, केस विरळ झाले आहेत, पण दरवर्षी बत्तीस उजेड मीच देतो. नवीन ब्रश आता नवीन राहिलेला नाही. त्याची आणि माझी चांगली गट्टी आहे. संध्याकाळी सलून बंद झालं की आम्हाला धुण्याचं काम धाकट्याचं असतं, तो ते दुसऱ्या कुणाला करू देत नाही. फक्त सुट्टीत नात येते तेव्हा ते काम तिचं असतं. जिच्या घाईमुळे मी वाकलो, तीच ही नात. ती स्टुलावर उभी राहून मला तळहातावर गोल गोल फिरवते आणि फेस पांढरा झाला की नाही ते नाक लावून बघते.

परवा तिनं माझ्यातला एक केस बाहेर आलेला पाहिला. शेजारीच मिशीची कात्री पडलेली होती. तिनं कात्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग दारातून हाक मारली, "आजी, याचा एक केस वाकलाय. काय करू?"

धाकट्यानं गुपचूप कात्री उचलून खिशात घातली. ताई आली, तिनं कोमट पाण्यात बोट बुडवून तो केस जागेवर बसवला, आणि तो बसला.

मित्रांनो, तुमच्या दप्तरात, कपाटात, डब्यात माझी भावंडं असतील. कुणी उभी असतील, कुणी रंगासकट वाळलेली असतील, कुणी वाकलेली असतील. ती टाकून देण्याआधी त्यांना थोडं कोमट पाणी द्या आणि रात्रभर आडवं निजू द्या. आणि काय करायचं ते कळलं नाही, तर त्या नातीसारखी एक हाक मारा. मला त्या गुरुवारी तेवढी एक हाक हवी होती.